'तर'च्या जागी स्वल्पविराम: मराठी माणसाला इंग्रजी मिश्र वाक्य शिकवताना

लालबागमध्ये एका चाळीच्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो. मॉलमध्ये काउंटरवर काम करणारी मुलगी, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या मावशी, एक कुरिअरवाला, रेल्वेच्या कारशेडमध्ये कामाला असलेले एक काका, घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू आणि दहावीची दोन मुलं. इंग्रजी अजिबात येत नाही असं यांच्यात कुणी नाही. मॉलमधल्या मुलीने पहिल्या आठवड्यात तिच्या सकाळबद्दल लिहिलं ते असं: 'द ट्रेन वॉज लेट. आय टुक अ बस. द बस गॉट स्टक. आय रीच्ड लेट. माय मॅनेजर वॉज अँग्री.'

एकही वाक्य चुकलेलं नाही. पण कशामुळे काय झालं, कशाच्या आधी काय झालं, हे सगळं वाचणाऱ्याने स्वतः जुळवायचं. तीच मुलगी शेजारच्या बाकावर मराठीत सांगत होती: "गाडी लेट झाली म्हणून बस पकडली, तर ती हिंदमाताला पाण्यात अडकली, आणि पोचले तेव्हा मॅनेजर दारातच उभे!" एका दमात चार क्रियापदं, आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती चोख.

म्हणजे मिश्र वाक्य, एका मुख्य वाक्याला दुसरं जोडून केलेलं, तिला येतं. दिवसभर येत असतं. आपल्याला ते तिच्यात नव्याने पेरायचं नाही, तिच्याकडे आहे ते इंग्रजीत न्यायचं आहे. हे कळायला मला फार वेळ लागला. सुरुवातीची दोन वर्षं मी फळ्यावर 'ऑल्दो', 'व्हेअरअ‍ॅज', 'प्रोव्हायडेड दॅट' अशी चोवीस अव्ययांची यादी लिहून द्यायचे. सगळे ती सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाच सुटी वाक्यं घेऊन यायचे. यादी पाठ झाली होती. पण आपल्या कुठल्या वाक्याला तिची गरज आहे हे कुणाला दिसत नव्हतं.

इथे इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. वर्गातही मी ती आधी कानावर घालते आणि नंतर फळ्यावर रोमन लिपीत लिहिते. हा क्रम मोडू नका. जोड कानाला आधी कळतो.

आधी मराठी, मग फळा

पहिल्या संध्याकाळी इंग्रजी बाजूला ठेवा. प्रत्येकाला आजचा दिवस मराठीत तीन-चार वाक्यांत सांगायला लावा आणि जशी बोलली तशी वाक्यं फळ्यावर लिहा. मग जोडणारे शब्द त्यांच्याकडूनच गोल करून घ्या. जर–तर, जेव्हा–तेव्हा, जरी–तरी, जो–तो, की, कारण, म्हणून, 'पोचल्यावर'मधलं 'ल्यावर', 'येईपर्यंत'मधलं 'पर्यंत'. अर्ध्या तासात फळा गोलांनी भरतो.

आता दोन गोष्टी दाखवायच्या. पहिली, आपल्याकडे हे शब्द बहुधा जोडीने येतात. दुसरी याहून महत्त्वाची. बोलताना आपण जोडीतला पहिला शब्द गाळतो आणि दुसरा ठेवतो. 'जर पाऊस आला तर' असं मुंबईत कोण म्हणतं? 'पाऊस आला तर'. गाठ गौण वाक्याच्या, म्हणजे मुख्य वाक्याला जोडायच्या तुकड्याच्या, शेपटाला बसते: 'आला तर', 'झाली म्हणून', 'पोचले तेव्हा'. इंग्रजीत ती गाठ डोक्याला असते. 'इफ', 'बिकॉज', 'व्हेन' हे गौण वाक्याच्या अगदी सुरुवातीला येतात, आणि बोलणाऱ्याला वाक्य उघडण्याआधीच ठरवावं लागतं की मी अट सांगतोय, कारण सांगतोय की वेळ. मराठीत आपण हे वाक्य संपता संपता ठरवू शकतो. शिकणारा अडखळतो तो नेमका इथे. त्याला शब्द आठवत नसतो असं नाही, ठरवण्याची वेळ बदललेली असते. हे त्याला स्पष्ट सांगितलं की निम्मी भीती जाते.

'मग?'ची परीक्षा

प्रधान वाक्य आणि गौण वाक्य यांची व्याख्या मी आता देत नाही. मी वाक्याचा तुकडा मोठ्याने म्हणते आणि थांबते. तुकडा अर्धवट वाटला तर वर्गाने एका सुरात 'मग?' म्हणायचं.

'आय रीच्ड दादर.' शांतता.

'व्हेन आय रीच्ड दादर...' 'मग?'

'बिकॉज माय सन वॉज सिक...' 'मग?'

'द वूमन हू लिव्ह्ज अपस्टेअर्स...' 'मग? तिचं काय?'

ज्याला 'मग?' ऐकू येतं तो तुकडा एकटा उभा राहू शकत नाही, तो गौण. एकटा उभा राहतो तो प्रधान. कारशेडमधल्या काकांनी याला दिलेलं नाव आता वर्गात रुळलं आहे. लोकलमध्ये मोटर कोच असतात आणि ट्रेलर कोच असतात. ट्रेलरला चाकं आहेत, दारं आहेत, माणसं बसलेली आहेत, पण तो आपल्या आपण हलत नाही, मोटर कोचला जोडावाच लागतो. 'व्हेन आय रीच्ड दादर' हा ट्रेलर. त्यात कर्ता आहे, क्रियापदही आहे, तरी तो फलाटावर उभाच.

कान तयार झाला की डोळा तयार करा. वाक्यातली काळ दाखवणारी क्रियापदं मोजायला लावा. 'रीच्ड' हे एक, 'वॉज' हे एक. 'टू गो' किंवा नुसतं 'गोइंग' मोजायचं नाही. दोन क्रियापदं भरली तर मध्ये जोड हवा. दोन क्रियापदं आहेत आणि जोड नाही म्हणजे काहीतरी सुटलं. तीन जोड आणि दोनच क्रियापदं म्हणजे काहीतरी जास्तीचं आलं. ही साधी मोजणी पुढे आठ आठवडे उपयोगी पडते.

सुरुवात 'बिकॉज'पासून

सगळी पुस्तकं वेळेच्या वाक्यांपासून सुरू करतात. मी 'बिकॉज'पासून करते, कारण मराठी 'कारण' आणि इंग्रजी 'बिकॉज' एकाच जागी बसतात. 'मला उशीर झाला, कारण गाडी लेट होती.' 'आय वॉज लेट बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' क्रमही तोच. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडून एक पूर्ण मिश्र वाक्य बाहेर पडतं, आणि त्याने हुरूप येतो.

इथे दोन खड्डे आहेत. एक, 'बिकॉज ऑफ द ट्रेन वॉज लेट'. उपाय मराठीतच आहे: '-मुळे' म्हणजे 'बिकॉज ऑफ', 'कारण' म्हणजे 'बिकॉज'. 'पावसामुळे'मध्ये क्रियापद नाही, म्हणून 'बिकॉज ऑफ द रेन'. 'कारण पाऊस पडत होता' यात क्रियापद आहे, म्हणून नुसतं 'बिकॉज'. हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरा, 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' असं एकटंच वाक्य लिहून पूर्णविराम देणं. बोलताना ते चालतं. कुणी 'का?' विचारलं तर उत्तर असंच येतं. लिहिताना 'मग?' ऐकू यायला हवं. काही शाळांमध्ये यावर उपाय म्हणून 'बिकॉजने वाक्य सुरूच करायचं नाही' असं शिकवतात. तो नियम मी मानत नाही आणि मुलांना मानायला लावत नाही. पुढे प्रधान वाक्य येत असेल तर 'बिकॉज'ने खुशाल सुरुवात करावी.

जोडीतला एक शब्द सोडायचा

यावर मी तीन आठवडे देते. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि सगळ्या एकाच मुळातून येतात. मराठी जोडी मागते, इंग्रजी एकच शब्द मागते.

'जरी पाऊस होता तरी मी गेले' याचं होतं 'दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट'. 'गाडी लेट झाली म्हणून' याचं होतं 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, सो आय टुक अ बस'. शिकणाऱ्याला 'बट' काढून टाकायला सांगितलं तर वाक्य त्याला लंगडं वाटतं, कारण त्याच्या कानाला जोडावर 'तरी' हवा असतो. नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही. त्या रिकाम्या जागी त्याला काहीतरी द्यावं लागतं.

ती जागा स्वल्पविराम भरतो. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिते, 'पाऊस आला तर मी टॅक्सी करेन', आणि 'तर'वर लाल खडूने भलामोठा स्वल्पविराम काढते. 'इफ इट रेन्स, आय विल टेक अ टॅक्सी.' जिथे मराठीत 'तर', 'तेव्हा', 'तरी' येतो, तिथे इंग्रजीत तो शब्द जातो आणि त्याच्या जागी स्वल्पविराम बसतो. बोलताना तिथे किंचित थांबायचं.

आणि इंग्रजी वाक्य उलटं फिरवलं तर? 'आय विल टेक अ टॅक्सी इफ इट रेन्स.' आता जोडावर 'इफ' हा शब्द स्वतःच उभा आहे. जोड दाखवायला दुसरं काही नको, म्हणून बहुतेक वेळा स्वल्पविराम नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन वेगळे नियम म्हणून येतात. मराठी कानाला तो एकच नियम म्हणून कळतो.

स्वल्पविराम आपल्याला उपरा वाटतो याला कारणही आहे. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधी शतकानुशतकं आपल्या भाषेने 'तर', 'तेव्हा', 'म्हणून' यांच्याच जोरावर वाक्यं तोडली आणि जोडली. कँडींची गोष्ट मी वर्गात सांगते. आपल्या वाक्याला स्वल्पविरामाची गरज का भासत नव्हती हे कळलं की इंग्रजीला ती का भासते हेही कळतं.

एक सूट सांगायला हवी, नाहीतर हुशार मुलं पकडतात. 'इफ'च्या जोडीला 'देन' आलं तर ती चूक नाही. गरज नसते इतकंच. 'दो' आणि 'बट' मात्र एकत्र नाही.

पुढे काळाचा प्रश्न. 'पाऊस आला तर' यात 'आला' हे रूप भूतकाळाचं आणि अर्थ उद्याचा. म्हणून कुणी लिहितं 'इफ इट केम', तर कुणी अर्थाकडे बघून 'इफ इट विल रेन'. दोघांनीही प्रामाणिकपणे विचार केलेला असतो, त्यांना रागावू नका. नियम छोटा आहे. उद्याची गोष्ट असली तरी 'इफ', 'व्हेन', 'बिफोर', 'आफ्टर', 'अंटिल' यांच्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ, आणि 'विल' दुसऱ्या तुकड्यात. 'व्हेन आय रीच ठाणे, आय विल कॉल यू.' हे मी घोकून घेते. जोडीने उभं करून, एकाने पहिला तुकडा आणि दुसऱ्याने दुसरा, असा वीस मिनिटांचा खेळ पुरतो.

'अंटिल' आणि 'अनलेस' यांच्यासाठी मात्र वेगळा दिवस ठेवा. 'तो येत नाही तोपर्यंत थांबा' हे अस्सल मराठी. त्याचं शब्दशः होतं 'वेट अंटिल ही डझ नॉट कम', आणि ते चुकीचं आहे. इलाज असा की शिकणाऱ्याला आधी मराठीतच दुसरी वाट धरायला लावायची, 'तो येईपर्यंत थांबा'. इथे 'नाही' गेलं. आता भाषांतर करा: 'वेट अंटिल ही कम्स.' 'अनलेस'चंही तसंच. त्याच्या पोटात 'नाही' आधीच आहे, म्हणून 'अनलेस यू डोन्ट पे' म्हटलं की दोनदा नकार होतो. दहावीच्या मुलांना परीक्षेत 'अनलेस वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं येतं, तिथे 'इफ' आणि 'नॉट' दोन्ही खोडा आणि 'अनलेस' एकदा लिहा, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

जो, जी, जे

'जो माणूस काल आला होता तो माझा मामा' असं वाक्य आपण लिहितो. बोलताना म्हणतो, 'काल आलेला माणूस माझा मामा'. 'मासे विकणारी बाई', 'दादरला उतरणारी माणसं', 'मी घेतलेली साडी'. 'लेला' आणि 'णारा' हे आपलं सगळं काम करतात, आणि ते नामाच्या आधी येतात. इंग्रजीत वर्णनाचा तुकडा नामाच्या मागून येतो: 'द वूमन हू सेल्स फिश'. हा उलटा क्रम अंगवळणी पडायला व्याख्या कामाची नाही, कात्री आणि कागद कामाचे.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या लांब पट्ट्या कापा. एका पट्टीवर 'द वूमन इज माय आन्ट'. दुसरीवर 'द वूमन सेल्स फिश नियर करी रोड स्टेशन'. दोन्हींत सारखं काय? 'द वूमन'. दुसऱ्या पट्टीतलं 'द वूमन' कात्रीने कापून फेकून द्यायचं, खरंच फेकायचं, आणि तिथे 'हू'चा तुकडा चिकटवायचा. मग पहिली पट्टी 'वूमन'नंतर कापायची आणि मधे हा नवा तुकडा सरकवायचा. 'द वूमन हू सेल्स फिश नियर करी रोड स्टेशन इज माय आन्ट.' हाताने केलेलं विसरत नाही. मावशींनी हे वाक्य घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावलं होतं.

पट्ट्यांचा खरा फायदा चुका दिसण्यात आहे. 'द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल' यातलं 'ही' म्हणजे आपला 'तो'. पट्टीवर त्याला जागाच उरत नाही. 'द फिश दॅट आय बॉट इट वॉज फ्रेश' यातलं 'इट' म्हणजे कापून फेकलेला तुकडा परत उचलून आणला. "कचऱ्यातून परत काढू नका," एवढंच म्हटलं की पुरतं.

आणखी एक गोष्ट नीट समजावून सांगा. मराठीत 'ज्याने', 'जिला', 'ज्यांच्याकडे' असे शब्द लिंग, वचन आणि विभक्ती घेऊन येतात. तुकडा कुठेही ठेवला तरी तो कुणाबद्दल आहे हे शब्दच सांगतो. इंग्रजी 'हू' आणि 'विच' यातलं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तिथे सांगते ती जागा. म्हणून 'आय गेव्ह द साडी टू माय सिस्टर विच वॉज टॉर्न' असं लिहिलं की फाटकी बहीण होते. तुकडा त्याच्या नामाला चिकटूनच बसला पाहिजे.

इथला स्वल्पविराम मी एका प्रश्नाने शिकवते. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन डोंबिवली' आणि 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन डोंबिवली,' या दोन्ही वाक्यांत भाऊ किती? पहिल्यात एकाहून जास्त, त्यातला डोंबिवलीचा. दुसऱ्यात भाऊ एकच, आणि तो डोंबिवलीला राहतो ही जाता जाता दिलेली माहिती. दोन छोट्या चिन्हांनी घरातली माणसं बदलतात हे बघून वर्गात नेहमी खळबळ उडते.

पोटात प्रश्न असलेलं वाक्य

'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह.' ही चूक मराठीमुळे होत नाही, आपल्या शिकवण्यामुळे होते. आपण 'डू', 'डझ', 'डिड' इतकं घोटून घेतो की 'व्हेअर' दिसलं की हात आपोआप 'डझ'कडे जातो. मराठीत असं काही नाही. 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही', दोन्हींत शब्दांचा क्रम तोच. तेव्हा इथे सरळ सांगायचं, मराठीसारखं बोला: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज.' शिकणाऱ्याची मातृभाषा त्याला थेट वाट दाखवते अशा जागा थोड्या असतात, ही दवडू नये.

सराव स्टेशनवरचा घ्या. 'कॅन यू टेल मी व्हेअर द तिकीट काउंटर इज?' 'डू यू नो इफ धिस ट्रेन स्टॉप्स अ‍ॅट करी रोड?' फास्ट गाडी करी रोडला थांबत नाही, त्यामुळे आमच्या भागात हा प्रश्न खराच विचारावा लागतो. खऱ्या गरजेचं वाक्य तोंडात लवकर बसतं.

'की'चं वाक्य सोपं, सर्वनाम तेवढं सांभाळायचं. 'तो म्हणाला की मी येतो' यातला 'मी' म्हणजे तो. इंग्रजीत 'ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग' म्हटलं तर ऐकणारा तुमचीच वाट बघत बसेल. 'ही सेड दॅट ही वॉज कमिंग.'

जुळवणी आणि तपासणी

सहाव्या आठवड्यापासून नवं काही शिकवू नका. शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यात लिहिलेला परिच्छेद त्यालाच परत द्या आणि वाक्यं जुळवायला सांगा. अनोळखी उताऱ्यावर हा सराव अर्धाही उतरत नाही. स्वतःच्या सकाळीत काय कशामुळे झालं हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून कुठला जोड हवा हेही तोच ठरवू शकतो.

जुळवताना क्रमावर बोला. ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेला तुकडा पुढे, नवी बातमी शेवटी. मॅनेजर 'उशीर का?' विचारत असेल तर उशीर त्याला माहीत आहे. बातमी गाडीची आहे, म्हणून 'आय वॉज लेट बिकॉज...'. तीच गोष्ट मैत्रिणीला सांगायची तर गाडीपासून सुरू करा.

वह्या तपासताना या दोन आठवड्यांत फक्त जोड तपासा. 'अ' आणि 'द' चुकले, स्पेलिंग चुकलं, सोडून द्या. सगळीकडे लाल शाई फिरली की माणूस पुन्हा सुट्या, सुरक्षित वाक्यांकडे पळतो. मी चुकलेल्या जोडाखाली पेन्सिलने एक रेघ मारते आणि समासात 'मग?' लिहिते. दुरुस्ती तो स्वतः करतो.

आणि सगळंच जोडायला लावू नका. एका वाक्यात दोन ट्रेलर पुरे, तिसरा लागला की गाडी रखडते. कुठे तोडायचं याचा कानही याच सरावात तयार होतो. मॉलमधल्या मुलीचा शेवटचा परिच्छेद असा होता: 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय टुक अ बस. इट गॉट स्टक अ‍ॅट हिंदमाता, व्हेअर द रोड वॉज फ्लडेड. व्हेन आय फायनली रीच्ड द मॉल, माय मॅनेजर वॉज स्टँडिंग अ‍ॅट द डोअर. ही वॉज अँग्री.'

शेवटचं वाक्य का नाही जोडलंस, मी विचारलं.

"मॅडम," ती म्हणाली, "ते एकटंच राहू दे. तिथे कुणी 'मग?' विचारणार नाही."